आधी चिरे रचून बघा

गोव्यात बऱ्याच गावांत बाजारासाठी बांधलेली अशी एक तरी शेड सापडते. बांधून झाली, नारळ फुटला, पेपरात फोटो आला, आणि आता तिच्यात स्कूटर लावतात. बाजार भरतो तिच्या समोर, रस्त्याच्या कडेला, उन्हात छत्र्या उघडून नाहीतर निळी ताडपत्री बांधून. मग येणारा-जाणारा म्हणतो, एवढं बांधून दिलं तरी ह्या बायका रस्त्यावरच बसतात, ह्यांना शिस्तच नाही. हे वाक्य ऐकलं की मला खरंच त्रास होतो. जी बाई पहाटे उठून जेटीवर जाते, लिलावात मासळी घेते, बर्फ घालून पिकअपमध्ये चढवते आणि आठच्या आत बाजारात पाटी मांडून बसते, तिला स्वतःच्या धंद्यातलं कळत नाही असं कसं म्हणायचं? ती शेडमध्ये बसत नाही म्हणजे शेडमध्येच काहीतरी चुकलंय, इतका साधा निष्कर्ष काढायला कोणी तयार नसतं.

मी आर्किटेक्ट आहे, फोंड्याला राहते, आणि गेली काही वर्षं माझं बरंचसं काम अशा छोट्या सार्वजनिक गोष्टींचंच आहे. बाजार, बस स्टॉप, अंगणवाडीची खोली, असं. परवा कॉलेजच्या एका मैत्रिणीने फोनवर विचारलं, तू ते लोकांना बरोबर घेऊन डिझाईन करतेस म्हणजे नक्की करतेस काय, मीटिंग घेतेस आणि त्यांना काय पाहिजे ते विचारतेस, एवढंच ना? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

विचारणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आणि सगळ्यात फसवाही. तुम्हाला काय पाहिजे असं विचारलं की लोक तेच मागतात जे तुम्ही देऊ शकाल असं त्यांना वाटतं. पंचायतीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून, प्रोजेक्टरवर थ्रीडी चित्र लावून विचारलं तर सगळे म्हणणार छान आहे, कारण चित्र छानच असतं, आणि शिकल्या-सवरल्या माणसाने एवढं करून आणल्यावर तोंडावर नाही कोण म्हणणार? बायका तर मागे भिंतीला टेकून उभ्या असतात, बोलतात पुढच्या खुर्च्यांवरचे पुरुष, ज्यांच्यातला एकही जण त्या बाजारात बसत नाही. तासाभराने चहा-सामोसा होतो आणि कागदावर नोंद होते की लोकसहभाग घेण्यात आला.

शेरी अर्नस्टीन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६९ साली ह्यावर एक लेख लिहिला होता, त्यात त्यांनी नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. त्या सरकारी खात्यात शहरांच्या योजनांवर काम केलेल्या होत्या, त्यामुळे कागदावरचा सहभाग कसा असतो ते त्यांनी आतून बघितलेलं. खालच्या दोन पायऱ्यांना तर त्या सहभाग म्हणायलाच तयार नाहीत. माहिती देणं, मत विचारणं, एखाद-दुसऱ्याला कमिटीवर घेऊन खूश ठेवणं, ह्या मधल्या तीन पायऱ्या, आणि ह्यांना त्या नुसता देखावा मानतात. खरा सहभाग सुरू होतो सहाव्या पायरीपासून, जिथे निर्णयातला वाटा प्रत्यक्ष हातात येतो. पन्नासहून जास्त वर्षं झाली ह्या लेखाला, आणि आपल्याकडच्या बहुतेक मीटिंगा अजून चौथ्या पायरीवर आहेत. मत विचारलं, लिहून घेतलं, ड्रॉइंग तेच राहिलं.

तर बाजाराबद्दल सांगते. आमच्या भागातल्या एका पंचायतीला मासळी आणि भाजीचा छोटा बाजार नवा बांधायचा होता. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. एका खात्याकडून आलेलं ठरलेलं ड्रॉइंग होतं, अडीच फूट उंच ओटे, पांढऱ्या टाइल्स, प्रत्येक ओट्याला नंबर, एका बाजूला सगळी मासळी आणि दुसऱ्या बाजूला सगळी भाजी. माझ्याकडे काम आलं ते हे ड्रॉइंग जागेवर बसवून देण्याचं. मी पंचायतीला सांगितलं की आधी मला बसणाऱ्या बायकांबरोबर काम करू द्या, ड्रॉइंग नंतर बघू. थोडी घासाघीस झाली, पण सरपंचांनी ऐकलं, आणि ह्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पहिली गोष्ट ठरवली ती म्हणजे बैठका हॉलमध्ये घ्यायच्या नाहीत. बाजारातच घ्यायच्या, दुपारी दीडनंतर, मासळी संपत आलेली असते आणि परतीची बस यायला वेळ असतो तेव्हा. हे छोटं वाटतं पण सगळं ह्यावरच अवलंबून असतं. सकाळी अकराला मीटिंग ठेवली की ती मीटिंग त्यांच्यासाठी नाहीच, कारण तेव्हा गिऱ्हाईक असतं आणि एका तासाची विक्री गेली तर ती कोण भरून देणार? दुसरं म्हणजे मी कागद नेला नाही. शेजारी एकाच्या घराचं काम चालू होतं, त्याच्याकडून चिरे मागून आणले, वर सेंट्रिंगच्या फळ्या टाकल्या आणि विनासिमेंटचा एक ओटा रचला. आता बसा म्हटलं.

अडीच फुटांवर पहिली मासळीवाली मावशी चढायला गेली आणि दुसऱ्या बाईने हात दिल्याशिवाय तिला चढताच आलं नाही. गुडघे. ह्या धंद्यातल्या बहुतेक बायका पन्नाशीच्या पुढच्या आहेत, आयुष्यभर उकिडवं बसून सगळ्यांचेच गुडघे गेलेले. वर बसल्यावर म्हणाली, "बाय, सकाळी पाटी कोण चढयतलो हांगा?" बर्फासकट भरलेली पाटी अडीच फूट वर उचलायची, दिवसातून कितीदा तरी. चिऱ्याचा एक थर काढला. मग गिऱ्हाइकाला वाकायला लागलं, आणि मावशी म्हणाली की गिऱ्हाईक वाकलं की मासळीला हात लावतं, गालफडं उघडून बघतं, आणि घेत काहीच नाही. पुन्हा रचलं. असं करत करत शेवटी जे निघालं ते कुठल्याच स्टँडर्ड ड्रॉइंगमध्ये नव्हतं. समोर मासळी मांडायला थोडा उतरता कट्टा, त्याच्या मागे बसायला त्याहून बुटकी बैठक, पाय खाली सोडता येतील अशी, आणि पाय टेकायला एक चिरा. दोघी-तिघी वयस्कर बायका म्हणाल्या आम्हाला ओटाच नको, आम्ही जमिनीवर बसूनच विकलं आयुष्यभर, तर एका टोकाला फक्त एका थराची उंची ठेवली.

टाइल्सचं प्रकरण तर एका मिनिटात निकालात निघालं. पाणी, खवले आणि टाइल, ह्याच्यावर पावसाळ्यात कोण कधी पडली त्याची यादीच बायकांनी वाचून दाखवली. पायाखाली खडबडीत कोबा आणि कापायच्या जागेवर कडप्पा, असं ठरलं.

गटारावर मात्र खूप वेळ गेला आणि तिथे मी सगळ्यात जास्त शिकले. माझ्या डोक्यात गटार मागे होतं, नजरेआड, पुस्तकात असंच असतं. अर्ध्या बायकांनाही तेच पाहिजे होतं, गिऱ्हाइकाच्या पायाला घाण पाणी लागू नये म्हणून. एक जण उभी राहून म्हणाली, मागे ठेवलं तर तुंबलेलं कळणार कोणाला? वास यायला लागेपर्यंत कोणी बघणार नाही, आणि मग पंचायतीला अर्ज करून माणूस यायची वाट बघत बसायचं. पुढे ठेवा, दिसेल तिथे, आणि वरची जाळी मला एकटीला हाताने उचलता आली पाहिजे. मग जाळीचे तुकडे किती लांबीचे करायचे ते बायकांनी उचलून बघून ठरवलं. लोहार म्हणत होता मोठे तुकडे करा, स्वस्त पडतील. बायका ऐकल्या नाहीत, आणि बरोबर होत्या, कारण आज ते गटार रोज दुपारी त्याच साफ करतात, सळई लागत नाही, माणूस लागत नाही.

आणि तो मासळी-भाजी वेगळी ठेवायचा प्रश्न. तेव्हा कळलं की बायकांना बसायचं असतं गाववार. एकाच गावाहून पहिल्या बसने येणाऱ्या चार जणी एकत्र बसतात, कारण त्या पिकअपचं भाडं वाटून घेतात, एक जण बाथरूमला गेली तर दुसरी तिचा माल विकते, सुटे पैसे एकमेकींकडून घेतात, आणि परतीची बस एकच असते. त्यात एक मासळीवाली असते, दोघी भाजीवाल्या, एक नारळ-केळी घेऊन बसणारी. नंबर देऊन त्यांना वेगळं केलं तर त्यांचा धंदाच लंगडा होतो. बाहेरून बघणाऱ्याला हे दिसत नाही, मला तरी कुठे दिसलं असतं? मासळीचं पाणी भाजीकडे जाऊ नये एवढं बघायचं होतं, ते आम्ही उतार आणि एका बुटक्या भिंतीने सोडवलं. चिठ्ठ्या टाकल्या त्या गटांच्या टाकल्या, एकेकीच्या नाही.

चिऱ्यांचा हा प्रकार मी शोधलेला नाही बरं का. स्वीडन-डेन्मार्ककडे १९८१ ते ८५ मध्ये उटोपिया नावाचा एक प्रोजेक्ट झाला, तेव्हा वर्तमानपत्रांच्या छपाईत कॉम्प्युटर येऊ घातले होते आणि जुळारी कामगारांना भीती होती की आपलं कसब जाणार. छपाई कामगारांची युनियन आणि संशोधक एकत्र बसले. तेव्हा हवी तशी मशीन्स बाजारात नव्हतीच, तर त्यांनी पुठ्ठ्याचे खोके घेतले, एका रिकाम्या खोक्यावर लेझर प्रिंटर असं लिहिलं, आणि कामगारांनी त्या खोट्या ऑफिसात पान लावून दाखवलं, कुठे अडतं, कुठे हात पोचत नाही, कोणाचं काम कोणाकडे जातं. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, नॉर्वेत क्रिस्टेन न्यूगार्ड ह्यांनी लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर असंच काम केलं होतं. हे न्यूगार्ड म्हणजे सिम्युला ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणाऱ्या दोघांपैकी एक. एवढा मोठा संगणकशास्त्रज्ञ कामगारांबरोबर बसून त्यांना त्यांच्याच कारखान्यात येणारं तंत्रज्ञान समजून घ्यायला मदत करत होता, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आणि तेवढं लांब जायचीही गरज नाही, आपल्या मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी ऐंशीच्या दशकात हेच केलं. महिला मिलन आणि स्पार्क ह्या संस्थांच्या कामाबद्दल वाचा कधीतरी. फूट-इंच वापरायची सवय नाही म्हणून काही अडलं नाही, बायकांनी साडीच्या मापाने घर मोजलं. लाकूड आणि कापड लावून घराचा पूर्ण आकाराचा नमुना उभा केला, लोकांना आत फिरवलं, उंची वाढवून पोटमाळा काढला म्हणजे तेवढ्याच जागेत झोपायला जास्त माणसं मावतात हे दाखवलं. पुढे १९९९ नंतर पुण्यात महापालिकेने वस्त्यांमधली संडासं बांधायला घेतली त्यातही ह्या बायका होत्या. लहान मुलांसाठी वेगळे, छोटे संडास ही कल्पना तिथली. रांगेत मोठी माणसं मुलांना मागे ढकलतात, मोठ्या भांड्याची मुलांना भीती वाटते, मग मुलं बाहेर बसतात. हे आईला माहीत असतं. इंजिनियरला कोणी सांगितल्याशिवाय ते कळायची सोयच नसते.

आमच्या बाजारातही बाथरूमवर बोलणं निघालं तेव्हा असंच झालं. पुरुष सदस्य पाण्याच्या टाकीच्या क्षमतेवर बोलत होते. बायकांनी मागितली आतून नीट बसणारी कडी आणि कोरड्या जागी, उंचावर एक खुंटी. दिवसभराचा गल्ला कमरेच्या पिशवीत असतो, तो ओल्या लादीवर ठेवायचा का? एक खुंटी. पैसे किती लागतात त्याला?

आता गोव्याचं म्हणून एक सांगते, कारण आपण सगळे बाहेरची उदाहरणं देतो आणि पायाखालचं विसरतो. खाजन शेती. नदीच्या, खाडीच्या काठची खारी जमीन बांध घालून लागवडीखाली आणलेली, राज्यात सुमारे अठरा हजार हेक्टर, आणि ही व्यवस्था १५१० साली पोर्तुगीज आले त्याच्याही खूप आधीची. ज्यांनी मानस बघितलं नसेल त्यांनी मुद्दाम जाऊन बघा. बांधातलं दार असतं ते, लाकडी झडपांचं. भरती आली की बाहेरचं खारं पाणी झडपेला ढकलतं आणि ती आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला उघडतं. वीज नाही, मोटर नाही. पावसाळ्यात आत खारेपणा सोसणारं कोरगूट भात, उन्हाळ्यात आतल्या पाण्यात मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी. पण मला झडपेपेक्षा जास्त आवडतं ते तिच्यामागचं गणित. मानशीवर मासळी धरायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची, आणि त्या पैशातून बांधांची डागडुजी. म्हणजे देखभालीचा पैसा कुठून येणार हे त्या रचनेतच बसवलेलं होतं, आणि बांध फुटला तर ज्यांची शेतं बुडणार तेच लोक तो राखत होते. गावकऱ्यांची कोमुनिदाद, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणारी जुनी संस्था, आणि शेतकऱ्यांची भौंस, म्हणजे त्यांचा संघ, हे बघायचे.

ते पुढे बिघडलं. १९६४ च्या कुळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे न्यायाचं होतं आणि व्हायलाच हवं होतं, पण बांध राखायची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघांकडे आणि सरकारकडे गेली तेव्हा पैसा, माणसं आणि अधिकार ह्यांची जुनी सांगड सुटली. त्यात मासळीला भातापेक्षा जास्त भाव यायला लागला, मग खारं पाणी आत राहिलं तर मानस घेणाऱ्याचा फायदा आणि शेताचं नुकसान. दार तेच, पाणी तेच, पण ते कोणाच्या फायद्यासाठी उघडायचं हे बदललं की शेत पडीक. म्हणून मी आता कुठल्याही कामात पहिल्याच बैठकीत विचारते की हे मोडलं तर कोण दुरुस्त करणार आणि पैसे कुठून येणार. आमच्या बाजारात सोपो, म्हणजे बसण्याचा कर, गोळा होतो, रोजची पावती. बायकांनी पंचायतीकडे मागणी केली की सोप्यातला ठरावीक हिस्सा ह्याच बाजाराच्या दुरुस्तीला बाजूला ठेवा आणि तो कशावर खर्च करायचा ते आमच्यातल्या पाच जणी ठरवतील. ग्रामसभेत ठराव झाला. माझ्या मते त्या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं डिझाईन हा ठराव आहे, ओटे त्यानंतर.

गावकरी पद्धतीचं कौतुक करताना एक मात्र सांगायलाच हवं. कोमुनिदादीत हक्क होता तो मूळ गावकरी घराण्यांतल्या पुरुषांचा. जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, त्यांना. बायका त्यात नव्हत्या, नंतर गावात येऊन राहिलेले नव्हते, शेतात प्रत्यक्ष राबणारे बरेच जण नव्हते. तेव्हा गाव म्हटलं की सगळे एक, असं कधीच नव्हतं आणि आजही नाही. लोकांना बरोबर घ्या म्हणणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, हे सतत डोळ्यासमोर ठेवलं पाहिजे की लोक म्हणून जे समोर येतात ते नेहमी थोडे वरचेच असतात, ज्यांना वेळ आहे, आवाज आहे, आडनाव आहे.

बाजारात हे लगेच दिसलं. कडेला, छपराच्या बाहेर कर्नाटकातून आलेल्या काही बायका बसतात, कांदे-बटाटे, लसूण, कोथिंबीर. वर्षानुवर्षं इथेच आहेत, मुलं इथल्याच शाळेत जातात. दुपारच्या बैठकीत त्या कधी आल्या नाहीत. विचारलं तर एक-दोघी म्हणाल्या, त्या आमच्यातल्या नव्हेत, त्यांना कशाला. मी त्यांच्याशी वेगळी बोलले, बाजार उठल्यावर, त्यांच्यातल्या एकीची शाळेत जाणारी मुलगी कन्नडातून मराठीत सांगायची. त्यांना ओटा नकोच होता, कारण ओटा मागितला की इथली मंडळी उठवायला येतील ही भीती. त्यांनी मागितलं ते खांबांना बाहेरच्या बाजूने लोखंडी कड्या, ताडपत्री बांधायला, आणि एक दिवा. कड्या बसल्या. दिवाही लागला. पण त्यांना कमिटीत घ्या असं मी म्हटल्यावर जो विरोध झाला तो अजून मिटलेला नाही, आणि तो मी एकटीने मिटवू शकत नाही.

लोक म्हणतात ह्या सगळ्यात वेळ फार जातो. जातो. पण अख्ख्या राज्याच्या पातळीवरही गोव्यात हे एकदा घडलेलं आहे. राज्यातली कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या आंदोलनामुळे २००७ साली मागे घ्यावा लागला, त्यानंतर नव्या आराखड्यासाठी जो टास्क फोर्स नेमला त्यात नामवंत आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया होते, आणि गावोगावचे नकाशे पंचायतींकडे सूचनांसाठी पाठवले गेले. त्या काळात कितीतरी गावांत लोक नकाशा पसरून बसले, झरे कुठे आहेत, तळं कुठे आहे, कुठल्या शेतात अजून भात पिकतं, हे रंगवत. आमच्या घरीही जेवताना ह्याच गप्पा असायच्या. तो २०२१ चा आराखडा २०१२ साली स्थगित झाला, पुढे काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावर मी वेगळं लिहीन. पण सामान्य माणसाला नकाशा कळत नाही असं मला आता कोणी सांगू नये. आपल्या घरामागचा झरा नकाशावर नसला तर तो माणसाला पहिल्या मिनिटात दिसतो.

मैत्रिणीचा दुसरा प्रश्न होता, मग आर्किटेक्ट कशाला पाहिजे, सगळं बायकांनीच ठरवलं तर तू काय केलंस? भरपूर केलं. मधे खांब न येता छप्पर किती लांब नेता येईल, गरम हवा वरून बाहेर कशी काढायची, गटाराला उतार किती, शंभर फुटाला एक फूट तरी पाहिजे नाहीतर खवले बसतात, हे माझं काम आणि ते मला आलंच पाहिजे. आमच्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो सरळ पडतच नाही, नैऋत्येकडून झड मारतो. जुलैत कोणाची पाटी भिजते ते बायकांनी दाखवलं, त्या बाजूची पागोळी किती खाली आणली की झड अडेल आणि उजेडही राहील ते मी काढलं. दोन्ही ज्ञानं लागतात. फक्त माझ्याकडचं ज्ञान कागदावर सही-शिक्क्यासकट येतं म्हणून ते मोठं, असं समजायचं कारण नाही.

आणि सगळं मान्यच करायचं असंही नाही. काही जणींना बाजाराच्या मधोमध देवाची छोटी घुमटी पाहिजे होती, मी नाही म्हटलं, कारण हवा अडत होती आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट बंद होत होती. भांडण झालं चांगलं. मी चिरे रचून वाट किती उरते ते दाखवलं, दोन पाट्या घेऊन दोघी समोरासमोर आल्या की काय होतं ते त्यांनीच करून बघितलं, आणि घुमटी कोपऱ्यात गेली. बरोबर काम करायचं म्हणजे आपलं मत गुंडाळून ठेवायचं नसतं, ते सगळ्यांसमोर मांडून तपासू द्यायचं असतं.

पणजीत २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंग व्यक्तींचा महोत्सव, झाला तेव्हा त्यांच्या चळवळीचं जुनं म्हणणं मला फार जवळचं वाटलं, आमच्याबद्दलचं काहीही आमच्याशिवाय ठरवू नका. व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाने रॅम्प चढून बघितल्याशिवाय त्याचं बिल पास करू नये असा नियम असता तर राज्यातले कितीतरी रॅम्प पुन्हा बांधावे लागले असते. बाजाराचा रॅम्प आम्ही तसाच तपासला, आणि शेवटी त्यावर सगळ्यात जास्त चालतात त्या पाट्यांच्या हातगाड्या.

सध्या बाजार चालू आहे, बायका आत बसतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मासळीचे कट्टे अर्धे रिकामे असतात, तेव्हा तिथे सुकी मासळी आणि सत्तरी तालुक्याकडून येणाऱ्या रानभाज्या मांडायच्या हे बायकांनी आपसात ठरवून टाकलं, मला कळलंसुद्धा नाही. चतुर्थीच्या आधीचा माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-फुलांचा, बाजार मात्र अडचणीचा आहे. त्या दोन-तीन दिवसांत रानातून कांगलां, कवंडाळ, माट्टीची फळं, सुपारीची कातरी घेऊन इतकी माणसं येतात की कुठलीच शेड पुरणार नाही, आणि त्यातली बरीचशी वर्षातून एकदाच येतात, त्यामुळे त्यांना कुठल्या बैठकीत बोलवायचं हाच प्रश्न. ह्या वर्षी बाजारातल्या पाच जणींनी ठरवलंय की माटोळीवाल्यांना तिथेच, बाजार चालू असताना, जाऊन विचारायचं. समोरचा रस्ता तेवढे दिवस गाड्यांना बंद करायचा प्रस्ताव आहे, रिक्षावाल्यांचा विरोध आहे, त्यांच्याशी बोलणं रविवारच्या ग्रामसभेत.